सहा चिंचोके आणि एक चिठ्ठी : आरेच्या पाड्यावरचं एक ट्रेनिंग

आधीच सांगून टाकते, ही काही यशोगाथा नाहीये. आम्ही आरेतल्या आदिवासी पाड्यांवरच्या बायकांना तान्ह्या बाळाचं दुखणं ओळखायचं ट्रेनिंग दिलं, ट्रेनिंग झकास झालं, सगळ्यांना भरपूर मार्क पडले, सर्टिफिकेटं वाटली, ग्रुप फोटो काढला, आणि मग जुलैमधल्या एका रात्री ते अख्खं ट्रेनिंग एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीच्या दारात एका वाक्यात उताणं पडलं. खरं तर लिहायचंय ते त्यानंतर काय केलं त्याबद्दल, पण आधीचं कळल्याशिवाय ते कळणार नाही म्हणून सगळंच लिहिते. पाड्याचं नाव देत नाही, बायकांची नावं देत नाही, आणि हॉस्पिटलचं तर नाहीच नाही, कारण जे तिथे झालं ते कुठेही झालं असतं.

जागा आधी डोळ्यासमोर आणा. गोरेगावला पूर्वेला उतरायचं, रिक्षा करायची, आरेचा चेकनाका ओलांडला की थोड्याच वेळात हवा बदलते, हॉर्न कमी होतात, झाडं सुरू होतात. १९४९ साली मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर काढायचे म्हणून ही दुधाची कॉलनी वसवली, पण वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी ही मंडळी तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. सत्तावीस पाडे आहेत असं सगळे सांगतात. आमचा पाडा मेन रोडपासून आत, पायी वीस-पंचवीस मिनिटं, तेही दिवसा आणि कोरड्या दिवसात. पावसाळ्यात पायवाटेचा ओढा होतो आणि रात्री बिबट्याच्या भीतीने कुणी एकटं निघत नाही. मागे काही वर्षांपूर्वी बिबट्याचे हल्ले झाले तेव्हापासून तर पोरांना अंधार पडल्यावर ओट्यावरसुद्धा बसू देत नाहीत. आणि गंमत म्हणजे दुधाच्या कॉलनीत राहून घरोघरी चहा कोरा. हा चहा पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता अडचण अशी की कागदावर हे सगळं मुंबई आहे. खेड्यात दर हजार लोकांमागे एक आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, असा नियम, डोंगराळ आदिवासी भागात तर वस्ती तिथे आशा देता येते, उपकेंद्र पण तीन हजार लोकांमागे एक. शहर म्हटलं की गणित पालटतं, २०१३ ला जे शहरी आरोग्य मिशन आलं त्यात आरोग्य केंद्र पन्नास हजार लोकांमागे एक. दाटीवाटीच्या चाळीत ते ठीक आहे, तिथे पन्नास हजार माणसं दोन-चार गल्ल्यांत मावतात. पण जो पाडा जव्हार-मोखाड्यात असता तर दुर्गम म्हणून मोजला गेला असता, तोच पाडा गोरेगावात आहे म्हणून शहरी. महापालिकेच्या आरोग्य सेविका यायच्या, नाही असं नाही, पण वर्षानुवर्षं मानधनावर राबणारी एक बाई, तिच्याकडे इतकी घरं, ती आमच्या पाड्यावर लसीकरणाच्या दिवशी आली तरी खूप झालं. म्हणून आमच्या छोट्याशा संस्थेने ठरवलं की आरोग्याच्या कामासाठी पाड्यातल्याच बायका तयार करायच्या. आजूबाजूचे चार-पाच पाडे मिळून चौदा जणी मिळाल्या. वय बावीसपासून पन्नासपर्यंत, तिघींना लिहिता-वाचता येत नव्हतं, एक जण जुनी सुईण.

पहिलं ट्रेनिंग पाच दिवसांचं. स्टेशनजवळ एक हॉल घेतला, पंखे, प्रोजेक्टर, दुपारी जेवण. मी स्वतः दीड दिवस घेतला आणि मला वाटलं काय भारी घेतला. आशाचा जो अभ्यासक्रम आहे, सहावं आणि सातवं मॉड्यूल, त्यातला नवजात बाळाचा भाग आम्ही उचलला होता. मूळ मॉड्यूलला पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या आहेत, मध्ये गावात जाऊन करून यायचं आणि पुन्हा शिकायला बसायचं अशी रचना. आम्ही ते सगळं एका आठवड्यात दाबून बसवलं, कारण फंडिंगचं वर्ष मार्चला संपत होतं. हे वाचताना हसू येईल पण महाराष्ट्रात जेवढी ट्रेनिंगं फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात तेवढी उरलेल्या वर्षभरात होत नसतील.

शेवटच्या दिवशी परीक्षा. बरोबर उत्तरावर खूण करा टाइप. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला किती झाला की धोका? साठ. दोन महिने ते एक वर्ष? पन्नास. एक ते पाच? चाळीस. पाठ झालं होतं सगळ्यांना, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी तोंडी सांगितलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या पाच दिवसांत एकाही मुलाचा श्वास आम्ही त्यांच्याकडून मोजून घेतला नव्हता, कारण हॉलमध्ये मूल कुठून आणणार? व्हिडिओ दाखवला होता. व्हिडिओतलं बाळ शांत झोपलेलं, छाती उघडी, लाइट स्वच्छ. पाड्यावर बाळ दोन गोधड्यांत गुंडाळलेलं, खोलीत एक बल्ब, आजी शेजारी बसून सांगतेय की पोराला हात लावू नको, नुकतंच झोपलंय.

मग जुलै आला.

आमच्यातली एक, तिला मी इथे वहिनी म्हणते कारण पाड्यावर सगळे तिला तेच म्हणायचे, तिच्याकडे रात्री साडेनऊला शेजारची पोरगी पळत आली. बाळ पंचवीस दिवसांचं. एकविसाव्या दिवसाची ठरलेली भेट वहिनीने केली होती, पुढची अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे मधल्या काळात कुणी न बोलावता ती गेली नसती. पोरगी म्हणाली पोट उडतंय. वहिनी गेली, गोधडी सोडली, मोबाइलचं घड्याळ लावलं आणि मोजलं. चौसष्ट. शिकवल्याप्रमाणे परत एकदा पूर्ण मिनिट मोजलं, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास आपोआप कमीजास्त होतो म्हणून दुसऱ्यांदा मोजायचंच. सहासष्ट. बाळ दूध पण धड ओढत नव्हतं. हे सगळं तिने एकटीने केलं, बरोबर केलं, आणि हे मला आजही सांगावंसं वाटतं कारण पुढे जे झालं त्यात ही गोष्ट सगळे विसरून गेले.

घरात तंटा. सासू म्हणाली सव्वा महिना झाला नाही, बाळंतीण घराबाहेर जाणार कशी, आणि ह्या पावसात. नवरा फिल्मसिटीत सेटवर कामाला, नाइट शिफ्ट, फोन लागेना. वहिनीने शेवटी स्वतःची छत्री आणि स्वतःचा नवरा दोन्ही बरोबर घेतले, बाळाच्या आईला समजावून बाहेर काढलं, मेन रोडपर्यंत टॉर्च लावून चालत आले, तीन रिक्षावाले पाड्याचं नाव ऐकून नाही म्हणाले, चौथा तयार झाला. हॉस्पिटलला पोचायला साडेअकरा.

तिथे नेमकं काय बोलणं झालं ते मी वहिनीकडून, बाळाच्या आईकडून आणि वहिनीच्या नवऱ्याकडून वेगवेगळं ऐकलंय, आणि तिन्ही गोष्टी जवळपास सारख्याच आहेत. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर. समोर भरपूर पेशंट. त्याने विचारलं काय झालं. वहिनी म्हणाली, बाळाला निमोनिया झालाय. डॉक्टरने मान वर केली आणि म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का?" मग लांबूनच बघितलं, बाळ तेवढ्यात रडून थकून झोपलं होतं, म्हणाला सर्दी आहे, नाकात थेंब टाका, उद्या ओपीडीत दाखवा. झालं. चिठ्ठी नाही, नोंद नाही. परत पावसात, परत पंचवीस मिनिटं चालत, एक वाजता घरी.

आता खरा मुद्दा. दुसऱ्या दिवशी बाळाने दूध पूर्ण सोडलं. आणि त्या घराने वहिनीला बोलावलं नाही. का बोलावतील? मोठ्या डॉक्टरने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की हिला काही कळत नाही. त्यांनी भगताला बोलावलं. भगत आला, बाळाकडे बघितलं आणि, हे ऐकून मला तेव्हा जरा लाजच वाटली, त्याने काही मंत्रबिंत्र केला नाही, म्हणाला हे माझं काम नाय, ताबडतोब दवाखान्यात न्या. मग ते रोडपलीकडच्या प्रायव्हेट नर्सिंग होममध्ये गेले, बाळ ॲडमिट झालं, काही दिवस ऑक्सिजन लागला, बाळ वाचलं. बिलासाठी कर्ज काढलं, बाळाच्या आईचे कानातले गेले.

आम्हाला हे सगळं बारा दिवसांनी कळलं. तेही असं कळलं की वहिनीने रजिस्टर आणून ऑफिसच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, मला नको हे काम. पाड्यात माझी लाज गेली." रजिस्टर एकदम नीट भरलेलं होतं. त्या तारखेला लिहिलेलं होतं, रेफर केले. आमच्या मासिक रिपोर्टमध्ये तो आकडा यशाच्या रकान्यात गेला असता!

त्या संध्याकाळी आम्ही तिघी-चौघी ऑफिसमध्ये बसलो आणि पहिला तासभर हॉस्पिटलला शिव्या घातल्या. घालायलाच हव्या होत्या. पण नंतर आमच्यातली एक सीनियर सिस्टर, म्युनिसिपल हॉस्पिटलातून रिटायर झालेली, ती म्हणाली, रात्री साडेअकराला माझ्यासमोर एक बाई येऊन म्हणाली की निमोनिया झालाय आणि हातात एक कागद नाही, तर मी पण वैतागले असते गं. आधी राग आला मला तिचा. मग पटलं.

मी त्यानंतर गडचिरोलीचं काम पुन्हा वाचलं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत जे केलं, १९९९ ला लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये आलं ते, त्याचं नाव ह्या क्षेत्रात प्रत्येक जण घेतो, आम्ही पण पहिल्या स्लाइडवर घेतलं होतं. हजार जन्मांमागे बासष्टच्या आसपास नवजात बाळं दगावत होती ती संख्या पंचवीसच्या आसपास आली. पण ते कसं झालं हे आम्ही स्लाइडवर एका ओळीत संपवलं होतं. त्यांच्या आरोग्यदूत बायका बाळाचा श्वास मोजून थांबत नव्हत्या. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाचं घर जर हॉस्पिटलला जायला तयार नसेल तर त्या घरीच उपचार करायच्या, इंजेक्शनसुद्धा द्यायच्या, त्यासाठी त्यांना तसं शिकवलं होतं आणि त्यांच्यावर सतत लक्ष होतं. म्हणजे तिथे उपचार चालत घरी आला. आमच्याकडे पाड्यातल्या बाईने इंजेक्शन देणं शक्यच नव्हतं, कुणी परवानगी दिली नसती आणि हॉस्पिटल सहा-सात किलोमीटरवर असताना मागायचं कारण पण नव्हतं. म्हणजे आमच्याकडे बाळाने चालत हॉस्पिटलात जायला हवं होतं. आम्ही गडचिरोलीचं ओळखणं उचललं, उपचार उचलता येत नव्हता, आणि त्या दोघांमधला जो रस्ता, पाड्यापासून कॅज्युअल्टीच्या टेबलापर्यंतचा, त्याचं ट्रेनिंग कुणालाच दिलं नव्हतं. पाच दिवसांत एक तास पण नाही.

वहिनीला परत आणायला दीड महिना लागला. मी चार वेळा गेले, ती चहा द्यायची, बोलायची नाही. शेवटी ती आली ती माझ्यामुळे नाही, त्या भगतामुळे. त्याने म्हणे चार माणसांत सांगितलं की हिने पहिल्याच रात्री ओळखलं होतं, तिचं ऐकलं असतं तर कानातले वाचले असते. आम्ही आमच्या ट्रेनिंगमध्ये भगताला अंधश्रद्धेच्या स्लाइडवर ठेवला होता. असो.

मग आम्ही सगळं मोडून परत मांडलं. हॉल बंद. दर बुधवारी दुपारी पाड्यावरच, आळीपाळीने एकेकीच्या अंगणात. ही कल्पना आमची नाही, जामखेडची आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं तेव्हा गावातल्या बायका, त्यातल्या कित्येक अंगठाबहाद्दर, दर आठवड्याला सेंटरवर यायच्या, राहायच्या, आपापल्या गावात काय झालं ते एकमेकींना सांगायच्या, त्यातून शिकायच्या आणि परत जायच्या. एकदा शिकवून सोडून दिलं असा प्रकारच नव्हता. आमच्या बुधवारी पहिला अर्धा-पाऊण तास फक्त एवढंच, ह्या आठवड्यात काय झालं. त्यातून जे बाहेर पडलं ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. लोहाच्या गोळ्या घ्या म्हणून आम्ही कंठशोष करत होतो, गरोदर बाईला १८० गोळ्या, आणि रजिस्टरवर सगळ्यांनी घेतल्याची टिक होती. घेत होत्याच त्या, खोटं नव्हतं. पण सकाळी उठल्या उठल्या कोऱ्या चहाबरोबर! चहाने लोह अंगी लागत नाही हे आम्ही सांगितलंच नव्हतं, कारण गोळी कशाबरोबर घेता हे कुणी विचारलंच नव्हतं. सुईण आजीने विचारलं. ती म्हणाली मग रात्री झोपताना घ्या ना, तेव्हा कोण चहा पितंय. दोन मिनिटांत विषय संपला.

श्वास मोजणं खऱ्या बाळांवर सुरू केलं. पाड्यावर तान्ही बाळं असतातच, आयांना विचारायचं, दोघींनी एकाच बाळाचा श्वास एकाच वेळी मोजायचा आणि मग आकडे सांगायचे. पहिल्या बुधवारी एकीचा ४१ आणि दुसरीचा ५८, एकाच बाळाचे. मी सुद्धा मोजला, माझा ४७. म्हणजे मी ज्यांना शिकवत होते त्यांच्यापेक्षा मला फार जास्त येत होतं अशातला भाग नाही. चूक कुठे होतेय ते बघितलं तर बाळ जोरात श्वास घेतं तेव्हा डोळा छातीवर असतो आणि आकडा तोंडात, आणि तीस-चाळीसनंतर गोंधळ होतो, त्यातून ज्यांना शाळेचा गंध नाही त्यांचा जास्त. ह्याच्यावर पण गडचिरोलीकरांनी फार पूर्वी उपाय काढलाय, मण्यांची एक पाटी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि बरोबर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. आमच्याकडे ती पाटी नव्हती. सुईण आजीने ओट्यावरचे चिंचोके उचलले. दहा श्वास झाले की एक चिंचोका डाव्या हातातून उजव्या हातात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि मिनिट संपायच्या आत सहा चिंचोके उजवीकडे आले तर न्यायचं. वर्षाच्या आतलं मूल असेल तर पाच. त्याच्यापुढे चार. दहापर्यंत सगळ्यांना मोजता येतं. तीन-चार बुधवारांनी दोघींच्या आकड्यात चार-पाचाचा फरक राहिला, तेवढा चालतो. चिंचोक्यांची पुरचुंडी मग प्रत्येकीच्या पिशवीत आली, संस्थेने दिलेल्या पिशवीत, जिच्यावर आमचा लोगो होता आणि आतून शिवण उसवली होती.

मग रस्त्याचं ट्रेनिंग. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो कुठल्याही मॉड्यूलमध्ये मला सापडलेला नाही. रिटायर सिस्टर दोघी-दोघींना घेऊन हॉस्पिटलला गेली, पेशंट नसताना. केसपेपरची खिडकी कुठे, किती वाजता बंद होते, रात्री केसपेपर कुठे निघतो, मुलांची ओपीडी कुठल्या मजल्यावर, गरोदर बायकांचा वार कुठला, सोनोग्राफीचा नंबर कसा लागतो, वॉर्डात आत सोडायला वॉचमन काय विचारतो. लिफ्ट कुठली पेशंटची आणि कुठली स्टाफची. तुम्हाला-मला हे क्षुल्लक वाटेल. पण पाड्यातून आलेल्या बाईला पहिल्याच दारात वॉचमनने कुठे चाललीस म्हटलं की ती तिथेच बसते, बाळ मांडीवर घेऊन, तासभर. आणि सिस्टरने आणखी एक हुशारी केली, प्रत्येकीची ओळख मुलांच्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरशी करून दिली, नावानिशी. डॉक्टरांशी नाही. ती म्हणाली डॉक्टर सहा महिन्यांत बदलतो, सिस्टर राहते.

चिठ्ठी छापली. कार्बन लावून दोन प्रती, एक हॉस्पिटलला, एक वहिनीकडे. वर फक्त चित्रं आणि आकडे, बाळाचं वय दिवसांत, श्वास पहिल्यांदा किती, दुसऱ्यांदा किती, दूध ओढतं की नाही, अंग गार की गरम, छाती खाली आत ओढली जाते का. खाली एक पट्टी, डॉक्टरने फाडून परत द्यायची, काय सापडलं आणि काय दिलं ते. ही पट्टी परत येईल असं मला वाटत नव्हतं, आणि अर्ध्याहून जास्त वेळा येत पण नाही, पण येते तेव्हा ती पट्टी पाड्यात हातोहात फिरते. डॉक्टरने सही केलेला कागद वहिनीच्या हातात. ज्या लोकांसमोर लाज गेली होती त्याच लोकांसमोर तो कागद उघडला जातो.

आणि नाटक. बुधवारी शेवटचा अर्धा तास. रिटायर सिस्टर कॅज्युअल्टीतला डॉक्टर व्हायची आणि काय करायची म्हणून सांगू, तीस वर्षांचा अनुभव सगळा ओतायची. "ए, लाइनीत उभी राहा." "कोणी सांगितलं इकडे आणायला?" "आधी का नाही आणलं?" "एवढ्याशासाठी आणलं?" पहिल्या वेळी सगळ्या जणी फिदीफिदी हसल्या, वहिनी सोडून. ती उठून बाहेर गेली. दुसऱ्या बुधवारी ती स्वतःच म्हणाली, मी करते डॉक्टर. आणि तिने त्या रात्रीचा डॉक्टर हुबेहूब उभा केला, लांबून बघणं, पेन फिरवणं, सगळं. मग सगळ्याच गप्प झाल्या आणि मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या, प्रत्येकीला असा कुणीतरी भेटलेला होता, रेशन दुकानात, शाळेत, वनखात्याच्या चौकीवर.

त्या नाटकातून एक गोष्ट निघाली जी आम्ही आता प्रत्येक बॅचला पहिल्यांदा शिकवतो. आजाराचं नाव घ्यायचं नाही. निमोनिया म्हणायचं नाही, कावीळ म्हणायचं नाही. नाव डॉक्टरला देऊ दे, तो त्याचा मान आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचं कामही आहे. आपण आकडा सांगायचा. "डॉक्टर, बाळ पंचवीस दिवसांचं. मिनिटाला चौसष्ट श्वास, दोनदा मोजले. सकाळपासून दूध ओढत नाही." एवढंच, आणि चिठ्ठी पुढे. ह्या वाक्यावर तू डॉक्टर आहेस का असं विचारता येत नाही. विचारलं तरी उत्तर सोपं आहे, नाही, म्हणूनच आणलं. हे उत्तर बावीस वर्षांच्या पोरीने काढलं, आणि माझ्या मते आमच्या अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात चांगलं वाक्य ते आहे.

हे मान झुकवायला शिकवणं नाही का, असं आमच्याच एका मैत्रिणीने विचारलं होतं. आधी डॉक्टरांना शिकवा ना नीट बोलायला. तिचं बरोबर आहे आणि आम्ही तेही करून बघितलं, हॉस्पिटलला पत्र दिलं, एक मीटिंग मिळाली, चांगली झाली, समोसे आले, सगळ्यांनी सहकार्य करू म्हटलं, आणि मग रेसिडेंट डॉक्टर बदलले. बाळ तोपर्यंत थांबत नाही.

पैशाबद्दल पण लिहायला हवं कारण ट्रेनिंगवाल्यांना पैशाचा विषय नको असतो. चौदातल्या आज नऊ आहेत. एक बाळंतपणाला गेली, एकीचं लग्न झालं, तीन जणी पवईला आणि मरोळला घरकामाला लागल्या, कारण तिथे महिन्याच्या एक तारखेला पैसे हातात पडतात आणि आमचं मानधन हप्ता आला की. ट्रेनिंगवर जो खर्च झाला, हॉल, जेवण, प्रोजेक्टर, बॅनर, तो त्या तिघींना वर्षभर वेळेवर मानधन द्यायला पुरला असता, हे मी नंतर कागदावर मांडून बघितलं आणि कुणाला दाखवलं नाही. आता इथे लिहिते. २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा सन्मान केला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या आशाताई मानधनवाढीच्या जीआरसाठी आझाद मैदानात बसल्या होत्या. आमच्या दोघी तेव्हा बघायला म्हणून लोकलने गेल्या आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसल्या. परत येऊन विचारलं, ताई, आपण आशा आहोत का? आम्ही नाही म्हटलं. मग आपण कोण? ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जे अजून जमलं नाही ते. रात्रीची गाडी. १०८ रोडपर्यंत येते, पाड्यापर्यंत नाही, आणि पहिला अर्धा तास चालण्यातच जातो. दोन रिक्षावाल्यांचे नंबर घेऊन ठेवलेत, एक जण येतो, दुसरा बिबट्याचं नाव काढून फोन बंद करतो. मोबाइलवरचं जे ॲप दिलं होतं ते पाड्यावर रेंज नसल्यामुळे उघडतच नाही, वहिनी रोडवर येऊन एकदम आठवडाभराचं भरते. आणि पलीकडच्या एका पाड्यावर आम्ही अजिबातच पोचलो नाही, तिथली जी बाई निवडली होती ती तिथल्या एका गटाची होती आणि दुसरा गट तिला दारात उभं करत नाही. निवड आम्ही केली होती, पाड्याने नाही. चूक आमची.

मागच्या ऑगस्टमध्ये वहिनीने परत एक बाळ नेलं. अठरा दिवसांचं, संध्याकाळी सात वाजता, चिंचोके सहा आणि वर थोडे. कॅज्युअल्टीत नवीन डॉक्टर, वहिनीने वाक्य म्हटलं, चिठ्ठी पुढे केली. त्याने चिठ्ठी बाजूला सारली आणि म्हणाला थांबा तिकडे. वहिनी थांबली नाही, भांडली पण नाही, बाळाच्या आईला बाकावर बसवलं आणि जिना चढून मुलांच्या वॉर्डला गेली, इनचार्ज सिस्टरला नावाने हाक मारली. सिस्टर खाली आली, बाळाकडे बघितलं, चिठ्ठी उचलली आणि त्या डॉक्टरच्या पुढ्यात परत ठेवली. बाळ ॲडमिट झालं. पट्टी तिसऱ्या दिवशी मिळाली, सही होती, अक्षर लागत नव्हतं.

पुढच्या बुधवारी वहिनीने ती पट्टी सगळ्यांना दाखवली, मग मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, ती सिस्टर पुढच्या वर्षी रिटायर होतेय. तिच्यानंतर कोण येणार ते आत्ताच विचारून ठेवा.